'दत्तक आहे ना, म्हणून' हे डायग्नोसिस नाही: मुलाच्या वागण्यामागचं खरं कारण कसं शोधायचं

आमची लेक घरी आली तेव्हा पावणेतीन वर्षांची होती आणि ती पाच वर्षांची झाल्यापासून एकच वाक्य इतक्या जणांनी ऐकवलं की पाठ झालं. "ती ऐकत नाही." शाळेत बाई म्हणायच्या ऐकत नाही, आजी म्हणायची ऐकत नाही, आणि मी स्वतः रात्री रडत नवऱ्याला सांगायचे की अरे ही माझं काही म्हणजे काही ऐकत नाही. हाक मारली तर वळून बघायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही, तिसऱ्यांदा मी जवळ जाऊन ओरडायचे, मग ती एकदम दचकायची आणि हाताला येईल ते फेकायची. दीड वर्षात तीन तज्ज्ञ झाले, दोन वेगवेगळी नावं मिळाली, एक गोळी सुरू होऊन बंद झाली, आणि शेवटी कळलं की ती खरंच ऐकत नव्हती. तिला ऐकूच नीट येत नव्हतं. दोन्ही कानांच्या पडद्यामागे चिकट पाणी साचलेलं होतं.

सगळं कानामुळेच होतं असं मी म्हणत नाहीये, बाकीचंही बरंच होतं आणि आहे, ते पुढे सांगते. पण ही दीड वर्षं का गेली तर ज्याला त्याला उत्तर आधीच माहीत होतं. नातेवाईक म्हणायचे दत्तक आहे ना, म्हणून. पहिल्या तज्ज्ञांनी वीस मिनिटांत सांगितलं की दत्तक मूल आहे, अटॅचमेंटचा, म्हणजे सांभाळणाऱ्या माणसांशी घट्ट नातं न जुळल्याचा, प्रॉब्लेम असणार. आणि याच्या उलट टोकाला आमच्यावर प्रेम करणारी माणसं होती, ती म्हणायची अगं काही नाही, सगळीच मुलं असं करतात, तू उगाच दत्तक दत्तक मनात धरून बसलीयेस. दोन्हीचा परिणाम एकच, कोणी तपासायलाच जात नाही. दत्तक असणं ही मुलाच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट आहे, तिचा विचार झालाच पाहिजे, पण तो तपासणीच्या सुरुवातीला, तपासणीच्या ऐवजी नाही. हे लिहितेय ते एवढ्यासाठीच, की तुमचा वेळ आमच्याइतका जाऊ नये.

आधी वही

कोणाचीही अपॉइंटमेंट घेण्याआधी एक साधी वही घ्या आणि निदान दोन आठवडे रोज लिहा. "खूप चिडते", "हट्टी आहे", "खोटं बोलते" असं लिहू नका, कारण हे तुमचं मत झालं, डॉक्टरला त्यातून काही कळत नाही. काय घडलं ते लिहा. किती वाजता, कुठे, त्याच्या आधी पाच मिनिटं काय चाललं होतं, मूल नेमकं काय करत होतं, तुम्ही काय केलंत, किती वेळ चाललं, कशाने थांबलं. आदल्या रात्रीची झोप, खाणं, सर्दी-खोकला, शी झाली का, घरी कोणी पाहुणे होते का, हेही एका ओळीत.

आमच्या वहीतली एक नोंद सांगते. "मंगळवार, संध्याकाळी ५:२०. टीव्ही चालू, मिक्सर चालू. मी स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली, उत्तर नाही. तिसऱ्यांदा मागून जाऊन खांद्याला हात लावला. किंचाळली, माझा हात चावला, टेबलाखाली गेली. मी जवळ बसून राहिले, काही बोलले नाही. ५:५० ला स्वतःहून बाहेर आली, मांडीत बसली. नाक वाहतंय कालपासून." ही नोंद लिहिताना मला त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं. पण अशा एकोणीस नोंदी झाल्यावर नवऱ्याने एका रविवारी पेन्सिलने खुणा करायला घेतल्या आणि दोन गोष्टी उघड दिसायला लागल्या, एक म्हणजे मागून कोणी आलं की भडका उडतो आणि समोरून आलं की नाही, आणि दुसरी म्हणजे सर्दीच्या आठवड्यात सगळं दुप्पट होतं. तिसरी गोष्ट पुढे एका डॉक्टरांनी दाखवली, की ती चावते खरी पण अर्ध्या तासाने माझ्याच मांडीत येऊन बसते, आणि त्या एका ओळीने एक मोठं लेबल गळून पडलं.

मोबाईलवर व्हिडिओही घ्या, पण मुलाला लाज वाटेल असा नको आणि तो तपासणाऱ्या डॉक्टरशिवाय कोणालाही दाखवायचा नाही, फॅमिली ग्रुपवर तर अजिबात नाही. मूल मध्येच काही सेकंद टक लावून थांबत असेल, हातातला चमचा अर्ध्यावर राहत असेल, डोळ्यांच्या पापण्या फडफडत असतील तर तो व्हिडिओ फार मोलाचा आहे. "वर्गात हरवलेला असतो" म्हणून ज्याला बोलणी खावी लागतात त्याला काही वेळा ॲब्सेन्स सीझर्स म्हणजे फिट्सचाच एक शांत प्रकार असतो, ना पडणं ना हातपाय झटकणं. न्यूरॉलॉजिस्ट अशा मुलाला दोनतीन मिनिटं जोरजोरात फुंकायला लावतात, त्याने बऱ्याचदा तो झटका तिथेच समोर येतो, आणि मग ईईजीने, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखाने, खात्री होते.

जे माहीत नाही ते 'माहीत नाही' असंच लिहा

हा भाग दत्तक मुलांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका इथेच घोळ होतो. प्रत्येक फॉर्मवर असतं, कुटुंबात कोणाला फिट्स, मानसिक आजार, लवकर बहिरेपण, थायरॉइड? आपण बिचकत "नाही, म्हणजे आम्हाला कल्पना नाही" असं काहीतरी पुटपुटतो आणि समोरची व्यक्ती पटकन लिहून टाकते, "काही विशेष नाही." मग पुढचा प्रत्येक डॉक्टर ती फाइल वाचून समजतो की घराण्यात काहीच नाहीये. 'नाही' आणि 'माहीत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी आता फॉर्म परत मागून घेते आणि स्वतःच्या अक्षरात लिहिते, माहिती उपलब्ध नाही.

पण माहीत नाही म्हणून हात झटकू नका. ज्या संस्थेकडून किंवा यंत्रणेकडून मूल तुमच्याकडे आलं त्यांच्याकडे लेखी मागा. जन्माचं वजन, किती आठवड्यांचं बाळंतपण, डोक्याचा घेर, वजन-उंचीच्या नोंदी, लसी, हॉस्पिटलात भरती झालं होतं का, किती जागा बदलल्या, एकेका ठिकाणी किती महिने, सांभाळणारी माणसं किती, तिथे कोणती भाषा बोलायचे. डोक्याचा घेर ही नोंद बहुतेक आईबाप सोडून देतात पण मेंदूची वाढ सुरुवातीला कशी झाली याचा तो एक स्वस्त आणि चांगला पुरावा असतो. जुने फोटो असतील तर तारखेसकट ठेवा. वय अंदाजे लावलेलं असेल तर तेही प्रत्येक टेस्ट घेणाऱ्याला सांगा, कारण सगळ्या चाचण्या वयाच्या तक्त्याशी ताडतात, आणि मूल कागदावर सहाचं आणि खरं पाचचं असेल तर आकडे उगाचच वाईट येतात.

जन्मदात्या आईने गरोदरपणात दारू घेतली होती का, हे जमल्यास नक्की विचारा, आणि विचारताना तिच्याबद्दल एकही वावगा शब्द नको, तुमचं मूल तिच्या पोटातून आलंय. दारूचा गर्भावरचा परिणाम १९६८ मध्ये फ्रान्समध्ये लमोआन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला होता, तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही, मग १९७३ मध्ये अमेरिकेत सिॲटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी त्याला फीटल अल्कोहोल सिंड्रोम नाव दिलं. आज त्या सगळ्या पट्ट्याला एफएएसडी (फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर) म्हणतात. डोळ्यांच्या फटी लहान, नाकाखालची खाच सपाट, वरचा ओठ पातळ, हा चेहरा पुस्तकात असतो, पण एफएएसडी असलेल्या बऱ्याच मुलांचा चेहरा अगदी इतर मुलांसारखाच असतो आणि त्यामुळे ती सुटून जातात. चेहऱ्यावर खूण नसेल तर डायग्नोसिससाठी दारूचा संपर्क झाल्याची माहिती लागतेच साधारणपणे, म्हणून ती एक ओळ जुन्या फाइलमध्ये शोधणं इतकं गरजेचं. ही मुलं काल शिकलेलं आज पूर्ण विसरतात आणि परवा पुन्हा आठवतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं मुद्दाम करतात. आठवणीतली भोकं ती स्वतःच्या गोष्टींनी भरतात, त्यालाच आपण 'खोटारडेपणा' म्हणून मोकळे होतो.

आणि सुरुवातीचे महिने किती महत्त्वाचे याबद्दल एक खरा दाखला. डिसेंबर १९८९ मध्ये रुमानियातली चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या अनाथाश्रमांची अवस्था जगाला दिसली, त्यातली बरीच मुलं ब्रिटनमध्ये दत्तक गेली. मायकल रटर या मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांपैकी १६५ मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुलं मोठी होताना ब्रिटनमधल्याच दत्तक मुलांसारखीच वाढली, आणि त्याहून जास्त काळ तिथे राहिलेल्या मुलांमध्ये अडचणींचं प्रमाण जास्त होतं, तरीसुद्धा त्यातलीही काही मुलं छान निघाली. त्यांना काही मुलांमध्ये ऑटिझम म्हणजे स्वमग्नतेसारखी हुबेहूब लक्षणं दिसली, पण त्यातल्या बऱ्याच जणांची ती घर मिळाल्यावर पुढच्या काही वर्षांत सौम्य झाली. म्हणून घरी येऊन चार महिने झालेल्या मुलाला कोणी पहिल्याच भेटीत ऑटिझम सांगितला तर मदत लगेच सुरू करा, थेरपीला थांबू नका, पण नाव पक्कं करायची घाई नको, सहाआठ महिन्यांनी परत बघा म्हणावं.

शरीर आधी, मन नंतर

वागण्याबद्दल कोणाकडेही जायच्या आधी किंवा निदान त्याच सुमाराला शरीर तपासून घ्या. हे मी हात जोडून सांगते.

कान: फक्त "टाळी वाजवली, वळली, ठीक आहे" असं नको. पूर्ण ऑडिओमेट्री, म्हणजे किती हळू आवाज ऐकू येतो ते मोजणारी चाचणी, आणि सोबत टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा हलतो का ते बघणारी छोटी चाचणी, एका मिनिटात होते, दुखत नाही. आमच्या लेकीचा ग्राफ आला तेव्हा जिथे डोंगरासारखा उंचवटा हवा तिथे सपाट रेघ होती. ऑडिओलॉजिस्ट ताईंनी दोन बोटं स्वतःच्या कानात घातली आणि म्हणाल्या, आता तुम्ही माझ्याशी बोला, तिला साधारण असं येतं. मी घातली बोटं, आणि नवरा काहीतरी बोलत होता, ओठ हलत होते, शब्द कळत नव्हते, नुसता घूं आवाज. मी तिथल्या खुर्चीवर बसून ढसाढसा रडले कारण मला त्या तिसऱ्या हाका आठवल्या सगळ्या. कानातलं हे पाणी कमीजास्त होत राहतं, सर्दीत वाढतं, त्यामुळे मूल सोमवारी ऐकतं आणि गुरुवारी ऐकत नाही, आणि आपल्याला वाटतं "पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं हिला". बऱ्याच मुलांचं आपोआप जातं म्हणून डॉक्टर साधारण तीन महिने वाट बघतात, मग गरज असेल तर पडद्यात बारीक नळी बसवतात. आमच्याकडे नळ्या बसवाव्या लागल्या.

डोळे तपासा. झोप बघा, मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, मध्येच श्वास अडकत असेल तर टॉन्सिल-ॲडेनॉइड दाखवा, कारण झोप तुटलेलं मूल दिवसा मोठ्या माणसासारखं पेंगत नाही, ते उलट जास्त उड्या मारतं आणि हुबेहूब एडीएचडीसारखं (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) दिसतं. रक्तात हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा, थायरॉइड बघा, शिशाचं प्रमाण बघा (जुना रंग, दूषित माती यातून ते शरीरात जातं आणि त्याची कुठलीच सुरक्षित पातळी माहीत नाही), जंत बघा, दात दुखतोय का, बद्धकोष्ठता आहे का. विकास मागे असेल किंवा ऑटिझमसारखं काही वाटत असेल तर जेनेटिक तपासणीबद्दल, क्रोमोसोमल मायक्रोॲरे (गुणसूत्रांचे बारीक तुकडे कमीजास्त आहेत का ते बघणारी) आणि फ्रॅजाइल एक्स (एका जनुकातल्या बदलाने होणारी विकासाची अडचण) या दोन्हींबद्दल विचारा. जन्मदात्या घराण्याचा इतिहास आपल्याकडे नसतो, तेव्हा जी माहिती घरातल्या आजीने सांगितली असती ती आपल्याला लॅबमधून मिळवावी लागते, एवढंच.

नावं सारखी दिसतात, आतली गोष्ट वेगळी असते

आम्हाला मिळालेलं दुसरं नाव एडीएचडी होतं. एक पानभर फॉर्म मी भरला, खुणा जास्त झाल्या, गोळी लिहून दिली. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पुस्तकाचा नियम बघा: लक्षणं निदान सहा महिने हवीत, बारा वर्षांच्या आधीपासून हवीत, आणि दोन किंवा जास्त ठिकाणी दिसली पाहिजेत, म्हणजे घरी आणि शाळेतही, आणि दुसऱ्या कशाने नीट समजावता येत असतील तर हे नाव द्यायचं नाही. शाळेला कोणी फोनसुद्धा केला नव्हता. ज्या मुलाने लहानपणी मारहाण, उपासमार किंवा सतत माणसं बदलणं बघितलंय ते सारखं इकडेतिकडे बघत असतं, दार वाजलं की उठतं, जागेवर बसत नाही, कारण ते पहाऱ्यावर असतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळायला बघावं लागतं की सुरक्षित, शांत, ओळखीच्या जागी काय होतं, ज्या मुलाचं लक्ष तिथे टिकतं आणि गर्दीत, नवीन माणसांत उडतं त्याची गोष्ट वेगळी असू शकते. आणि गोळीने लक्ष वाढलं म्हणजे एडीएचडी सिद्ध झाला असं कोणी म्हणालं तर मानू नका, या प्रकारच्या औषधाने एडीएचडी नसलेल्यांचंही लक्ष वाढतं. खरा एडीएचडी असेल तर गोळी खूप कामाची आहे, माझा औषधाला विरोध नाही, विरोध आहे तो न तपासता देण्याला. आमच्याकडे तिची भूक मेली आणि संध्याकाळी चिडचिड वाढली, डॉक्टरांशी बोलून बंद केली.

पहिलं नाव, अटॅचमेंट. दत्तक मुलांवर हे नाव सगळ्यात सैल हाताने चिकटवलं जातं. खरा रिॲक्टिव्ह अटॅचमेंट डिसऑर्डर दुर्मिळ आहे, त्यात मूल आतून मिटलेलं असतं, पडलं, लागलं, घाबरलं तरी कोणाकडेच जवळ घ्या म्हणून येत नाही आणि जवळ घेतलं तरी निवत नाही. तो पाच वर्षांच्या आधी दिसायला हवा आणि ऑटिझम नाही हे बघून मगच म्हणायचा असतो. अनोळखी माणसाचा हात धरून निघून जाणारं मूल ही वेगळी अडचण आहे, २०१३ मध्ये डीएसएम-५ आलं तेव्हा तिला डिसइनहिबिटेड सोशल एंगेजमेंट डिसऑर्डर म्हणून वेगळं केलं. रागावणं, चावणं, चोरणं, उलट बोलणं यातलं काहीच या दोन्हींच्या व्याख्येत नाही! आमची लेक चावून झाल्यावर माझ्याच मांडीत यायची, वहीत तसं लिहिलेलं होतं, आणि तिसऱ्या डॉक्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवून सांगितलं की ही मुलगी तुम्हाला धरून आहे, हे नाव काढून टाका.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. अटॅचमेंटच्या नावाखाली मुलाला घट्ट दाबून धरणं, अंगावर बसणं, रडून थकेपर्यंत सोडायचं नाही, गुंडाळून 'पुनर्जन्म' द्यायचा, असले प्रकार करणारे लोक झालेत. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये २००० साली अशाच एका सेशनमध्ये दहा वर्षांच्या दत्तक मुलीचा गुदमरून जीव गेला आणि पुढच्या वर्षी तिथे यावर कायद्याने बंदी आली. कोणी कितीही मोठ्या नावाचं असलं तरी मुलाला जबरदस्तीने धरून ठेवायला सांगितलं की उठायचं आणि मुलाला घेऊन घरी यायचं.

भीतीचं म्हणाल तर, लहान मुलं पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात राहिलेला त्रास, शब्दांत सांगत नाहीत, खेळात सांगतात. तोच तोच खेळ, बाहुलीला रोज त्याच कोपऱ्यात कोंडायचं. झोपेत ओरडणं. उशीखाली, दप्तरात खायचं लपवून ठेवणं, घरात भरपूर असतानाही. हे चोरी म्हणून नोंदवू नका, कधी लपवलं, काय लपवलं एवढंच नोंदवा.

भाषा बदललेल्या मुलाबद्दल एक गोष्ट. मूल आधी दुसरी भाषा ऐकत होतं आणि तुमच्याकडे आल्यावर नवी शिकलं, तर रोजच्या बोलण्यात ते एकदोन वर्षांत चटचट बोलायला लागतं पण अभ्यासाची, विचाराची भाषा यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. अशा वेळी शब्दांवर चालणारी बुद्ध्यांक चाचणी त्याची बुद्धी मोजत नाही. चित्रांवर, ठोकळ्यांवर चालणारी चाचणी मागा आणि रिपोर्टमध्ये भाषेचा उल्लेख करायला लावा.

आणि हो, उत्तर एकच असेल असं नाही. आमच्या लेकीचं शेवटी जे ठरलं ते असं, ऐकू कमी येत होतं, त्यामुळे बोलणं समजण्यात मागे राहिली होती, आणि त्यावर लहानपणीच्या भीतीचा थर होता, मागून येणाऱ्या माणसाची भीती. तिन्हींवर वेगवेगळं काम करावं लागलं.

कोणाकडे जायचं आणि तिथे काय विचारायचं

सुरुवात डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडून, म्हणजे मुलांच्या विकासाच्या खास डॉक्टरकडून, केलेली बरी, तो मिळत नसेल तर तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, पण त्यांना नुसतं "बघा ना" न म्हणता वही आणि एक पानाचा सारांश द्या. सारांशात वर मुलाचं वय, घरी आल्याची तारीख, मग माहीत असलेलं, मग माहीत नसलेलं, मग तुमच्या तीन सगळ्यात मोठ्या काळज्या. गरजेप्रमाणे चाइल्ड सायकियाट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारे). ही माणसं एकमेकांशी बोलतात का ते विचारा, नसतील बोलत तर रिपोर्ट तुम्हीच इकडून तिकडे न्या, प्रत्येकाची प्रत स्वतःकडे ठेवून.

चांगली तपासणी एका बैठकीत होत नाही. मुलाशी एकट्याने, तुमच्यासोबत, शक्यतो शाळेतल्या बाईंकडून माहिती घेऊन, आणि चाइल्ड बिहेवियर चेकलिस्ट किंवा कॉनर्ससारखे वागण्याबद्दलचे फॉर्म घरच्यांनी वेगळे आणि शिक्षकांनी वेगळे भरून. रोजची कामं मूल किती करू शकतं त्यासाठी वाइनलँड नावाची चाचणी, ऑटिझमची शंका असेल तर एडीओएस, म्हणजे मुलाशी खेळत-बोलत निरीक्षण करायची चाचणी. घरचे आणि शाळेचे आकडे जुळले नाहीत तर ती चूक नाही, तीच तर माहिती आहे.

मी आता प्रत्येक ठिकाणी चार प्रश्न विचारते. हे तुम्ही कशावरून म्हणताय? आणखी काय असू शकतं आणि ते का नाही? हे मूल आमच्या पोटचं असतं तर तुम्ही आणखी काय तपासलं असतं? आणि हे नाव चुकीचं असेल तर ते आपल्याला कशावरून आणि किती दिवसांत कळेल? तिसऱ्या प्रश्नावर एक डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, खरंय, कान बघितले असते. तेच ते तिसरे डॉक्टर. चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर दुसरीकडे जा.

सेकंड ओपिनियनला गेलात की आधीचं लेबल पहिल्या वाक्यात सांगू नका. आधी वही द्या, त्यांना मोकळ्या मनाने बघू द्या, मग जुनी फाइल पुढे करा. औषधं मात्र लपवायची नाहीत, चालू असलेली गोळी पहिल्या मिनिटाला सांगायची.

एक अपवाद, मूल स्वतःला इजा करत असेल, मरायचं बोलत असेल, दुसऱ्याला किंवा प्राण्यांना गंभीर इजा करत असेल, आग लावत असेल, तर वही भरत बसू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

मुलाला काय सांगायचं

पहिल्या अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री मी तिच्या खोलीत गेले तर ती बूट घालून झोपली होती. दप्तर उशाशी, त्यात फ्रॉक, ब्रश, आणि आम्हा तिघांचा फ्रिजवरचा फोटो. मी काहीही समजावून सांगितलं नव्हतं, फक्त फोनवर बोलताना म्हणाले होते की उद्या तिला दाखवायला नेतोय. दाखवायला नेणं म्हणजे काय हे तिने स्वतःच ठरवलं होतं. याआधी तिला असंच दोनदा कुठेतरी नेलं होतं आणि ती परत आली नव्हती.

तेव्हापासून आम्ही आधीच सांगतो, चित्र काढून सांगतो. कुठे जाणार, तिथे कोण असेल, सुई आहे की नाही, किती वेळ, आणि जाताना आपण तिघं, येताना आपण तिघं. तुझ्यात काही वाईट आहे म्हणून नाही, तुझं कुठे अडतंय ते आम्हाला कळत नाहीये म्हणून चाललोय, हेही. मुलासमोर त्याच्या तक्रारी डॉक्टरांना वाचून दाखवू नका, त्या लिहून आधी पाठवा किंवा त्याला बाहेर खेळायला बसवून बोला. त्याच्या जन्माची, आधीच्या घराची गोष्टही त्याची आहे, तपासणीला लागेल तेवढीच सांगायची, शाळेतल्या सगळ्या स्टाफला नाही. आम्ही शाळेला रिपोर्टचं फक्त शेवटचं पान देतो, ज्यात वर्गात काय करायचं ते आहे: पुढच्या बाकावर बसवा, समोरून बोला, मागून हात लावू नका.

ती आता नऊ वर्षांची आहे. कान दर सहा महिन्यांनी तपासतो, स्पीच थेरपी संपली, भीतीवरची थेरपी चालू आहे, आणि वाचनात अजून अडतंय म्हणून या वर्षी शिकण्याच्या अडचणींची नवी तपासणी ठरवलीये, कदाचित आणखी एखादं नाव निघेल, कदाचित नाही. कुठलाही रिपोर्ट हातात आला की पुन्हा कधी बघायचं हे डॉक्टरांना तिथेच विचारा आणि ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका.